पराभव, पुढारी आणि सभासदांची वही



वसंत व्याख्यानमालेला विद्वान माणसे बोलवावीत अशी रीत आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ, असे झालेले आहे. तेव्हा ग्रंथांतले दाखले आमच्याकडून फारसे मिळणार नाहीत. परंतु गेली तीस वर्षे कामगारांच्या सभा भरविणे, वर्गणी गोळा करणे, पावत्या फाडणे आणि निवडणुका घेणे हेच काम आम्ही केले. त्यामुळे माणसे हरली म्हणजे काय करतात, हे जवळून पाहावयास मिळाले. चालकांनी विषय दिला आहे, 'निवडणुकीत हरलेल्या पक्षाने नवा पुढारी कसा निवडावा?'

आपणांपैकी कोणी म्हणेल, पक्ष त्यांचा, पुढारी त्यांचा, आपणांस काय त्याचे? त्याचे उत्तर आधी देतो. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. सभागृहाच्या जागा २८८. विरोधी पक्षनेतेपदावर हक्क सांगावयाचा तर एक दशांश, म्हणजे २९ जागा असाव्यात असा संकेत चालत आलेला आहे. विरोधी बाजूच्या सर्वांत मोठ्या पक्षाला, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला, मिळाल्या २०. काँग्रेसला १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. तिन्ही मिळून ४६ झाल्या, पण एकट्याने २९ कोणीच गाठल्या नाहीत. आता ज्याला सरकारकडून काही मागावयाचे आहे, मग तो शेतकरी असो, शिक्षक असो की कामगार असो, त्याला दोन दारे लागतात. एक सरकारचे आणि दुसरे विरोधकाचे. पहिल्या दाराने ऐकले नाही तर दुसरे वाजविता येते. दुसऱ्या दारामागे घरच उरले नाही, तर नुकसान त्या पक्षाचे होते तितकेच आपलेही होते. म्हणून हरलेला पक्ष कसा सावरतो हा त्याला मत देणाराचा प्रश्न आहे आणि न देणाराचाही आहे.

त्या निकालानंतर काँग्रेसमध्ये काय झाले ते पाहू. नाना पटोले फेब्रुवारी २०२१ पासून प्रदेशाध्यक्ष होते. ते स्वतः साकोलीतून अवघ्या २०८ मतांनी निवडून आले. बाळासाहेब थोरात संगमनेरला पडले, पृथ्वीराज चव्हाण कऱ्हाड दक्षिणला पडले. पटोले यांच्या जागी १३ फेब्रुवारी २०२५ रोजी बुलढाण्याचे हर्षवर्धन सपकाळ यांचे नाव दिल्लीहून जाहीर झाले. सपकाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, आमदार होते, पंचायत राज्याच्या कामात वावरलेले आहेत. त्यांच्या व्यक्तित्वाविषयी आम्हांला काही म्हणावयाचे नाही. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटात जयंत पाटील २०१८ पासून अध्यक्ष होते. १५ जुलै २०२५ रोजी त्यांची जागा शशिकांत शिंदे यांना मिळाली. शिंदे माथाडी कामगारांच्या चळवळीतून आलेले. आमच्या धंद्यातला माणूस पुढे गेला याचा आम्हांला आनंदच वाटला.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, नावे आम्हांला कळली, पण कारणे कळली नाहीत. पक्ष का हरला याचा हिशेब कोणी कोणापुढे मांडला आणि त्या हिशेबावरून हाच माणूस योग्य असे कोणी ठरविले, हे धर्मापुरीतल्या साध्या कार्यकर्त्याला विचारा. तो म्हणेल, "आम्ही वर्तमानपत्रात वाचले."

आता एक कोडे घालतो. जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रात काँग्रेसने १७ जागा लढविल्या आणि १३ जिंकल्या. अध्यक्ष पटोले. पुढे साडेपाच महिन्यांनी विधानसभेच्या १०१ जागा लढविल्या आणि १६ जिंकल्या. अध्यक्ष तेच पटोले. दुसरी बाजू पाहा. भारतीय जनता पक्षाला लोकसभेत राज्यातून फक्त ९ जागा मिळाल्या. देवेंद्र फडणवीसांनी जबाबदारी घेऊन सरकारमधून मोकळे करा असे म्हटले. पक्षाने ते मान्य केले नाही. माणूस तोच राहिला आणि नोव्हेंबरात १३२ जागा आल्या. म्हणजे एकाच पुढाऱ्याच्या हाताखाली एक पक्ष आधी जिंकला व मग हरला, आणि दुसरा आधी हरला व मग जिंकला. पुढारी हेच जर विजयाचे आणि पराभवाचे एकमेव कारण असते, तर हे कसे घडले असते? त्या साडेपाच महिन्यांत हरलेल्या बाजूने आपला पराभव मोजला, जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये घरोघर पोचविले, गावोगाव माणसे लावली. ते बरे की वाईट हा वेगळा विषय आहे. आमचे म्हणणे एवढेच की, औषधाआधी नाडी पाहावी लागते. पराभवाचा हिशेब न करता पुढारी बदलणे म्हणजे रोग न ओळखता वैद्य बदलणे होय.

आता कोणी म्हणेल, पक्षात निवडणूक घेतली की सारे ठीक होईल. तेही पुरते खरे नाही. निवडणुका झाल्याच नाहीत असे नाही. १९९६ साली काँग्रेस लोकसभेत हरली. नरसिंह राव गेले आणि सीताराम केसरी आले. जून १९९७ मध्ये अध्यक्षपदासाठी रीतसर मतदान झाले. केसरींना ६२२४ मते पडली, आपल्या शरद पवारांना ८८२ आणि राजेश पायलटांना ३५४. मतपेटी होती, मोजणी होती, सर्व काही होते. पण पुढे १९९८ च्या निवडणुकीत पुन्हा अपयश आले तेव्हा काय झाले? १४ मार्च १९९८ रोजी कार्यकारिणीची बैठक बसली आणि केसरींना बाजूला सारून सोनिया गांधींना अध्यक्ष करण्यात आले. ज्याला ६२२४ प्रतिनिधींनी निवडले, त्याला काढताना त्या प्रतिनिधींना कोणी विचारले नाही. केसरी चांगले अध्यक्ष होते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या हातांनी बसविले, त्याच हातांनी उठवावे, एवढी तरी रीत पाहिजे. नाहीतर मतदानाला हळदीकुंकवाइतकाच अर्थ उरतो.

दुसरा दाखला अलीकडचा. २३ मे २०१९ ला काँग्रेस ५२ जागांवर आली. राहुल गांधींनी अध्यक्षपद सोडले आणि ३ जुलैला पत्र प्रसिद्ध करून ते जाहीर केले. मग हंगामी अध्यक्ष म्हणून पुन्हा सोनिया गांधी. निवडणूक झाली १७ ऑक्टोबर २०२२ रोजी. तीन वर्षांहून अधिक काळ पक्ष हंगामी कारभारावर चालला. आमच्या भागात ऊस तोडावयाचा असला तर हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. हा हंगाम फार लांबला. मोजणी झाली तेव्हा मल्लिकार्जुन खरगे यांना ७८९७, शशी थरूर यांना १०७२ आणि बाद मते ४१६. खरगे आपल्या शेजारच्या बिदर जिल्ह्यातले. जुन्या हैदराबाद संस्थानात जसे आपण होतो, तसे तेही. गुलबर्ग्याच्या कापडगिरणीतल्या कामगारांच्या युनियनचे ते कायदे सल्लागार होते. आणि २०१९ मध्ये ते स्वतः गुलबर्ग्यातून पडले होते. पडलेला माणूस पुढारी होऊ नये असे नाही. उलट पराभव अंगावर घेतलेला माणूस पराभवाची चव जाणतो. २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या ५२ च्या ९९ जागा झाल्या. परंतु मत देणारे ते साडेनऊ हजार प्रतिनिधी कोण होते, त्यांना कोणी निवडले, त्यात धर्मापुरीसारख्या गावातला सभासद कोठे होता, या प्रश्नांची उत्तरे आजही गावच्या सभासदाला देता येत नाहीत.

एका पक्षालाच झोडपतो आहोत असे वाटू नये. भारतीय जनता पक्षाने २००९ च्या पराभवानंतर नागपूरचे नितीन गडकरी यांना डिसेंबरात राष्ट्रीय अध्यक्ष केले. मराठी माणूस दिल्लीला गेला म्हणून इकडे आनंद झाला. पण तीही निवड बिनविरोध. १९८० पासून त्या पक्षात अध्यक्ष बिनविरोधच निघत आला आहे. आम्ही ज्या लाल झेंड्याच्या बाजूला वाढलो तिकडेही पाहा. एप्रिल २०२५ मध्ये मदुराईला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे अधिवेशन झाले. नाशिकचे कामगार पुढारी डी. एल. कराड यांनी मध्यवर्ती समितीसाठी अधिकृत यादीबाहेरून उमेदवारी केली. त्यांना ३१ मते पडली. निकाल ठरल्याप्रमाणेच लागला. पण मतदान घ्यावे लागले हीच त्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी झाली. मतदान ही बातमी व्हावी, यावरून आपल्याकडचे सर्व पक्ष कोठे उभे आहेत ते समजते.

आणि वही नसली म्हणजे काय होते, ते महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. शिवसेना दुभंगली, राष्ट्रवादी दुभंगली. पक्ष कोणाचा हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला. पहिला निकाल १७ फेब्रुवारी २०२३ चा, दुसरा ६ फेब्रुवारी २०२४ चा. पक्षाच्या संघटनेत बहुमत कोणाकडे आहे, हे पाहावयाचे होते. दोन्ही वेळा ती कसोटी आयोगाला नीट लावता आली नाही, आणि शेवटी आमदार-खासदार किती कोणाकडे यावर निकाल झाला. तो निकाल न्याय्य होता की नाही यावर येथे दोन्ही मतांची माणसे बसली आहेत. त्यांच्यात आम्ही भांडण लावीत नाही. पण एक गोष्ट दोघांनीही ध्यानात घ्यावी. गावोगावचे लाखो शिवसैनिक, हजारो कार्यकर्ते, त्यांची तीस-तीस वर्षांची राबणूक, यांतले काहीच तराजूत पडले नाही. पडले ते आमदारांचे वजन. सभासदांची विश्वासू यादी आणि त्या सभासदांनी निवडलेली माणसे असती, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काहीतरी घालता आले असते.

आमच्या कामगार संघटनांवर ही शिस्त कायद्यानेच आणली. १९२६ च्या कायद्याने नोंदलेल्या युनियनला सभासदांची यादी ठेवणे, हिशेब तपासून घेणे आणि दरवर्षी विवरण पाठविणे भाग पाडले. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेने घेतली. त्या संहितेविषयी आमच्या पुष्कळ तक्रारी आहेत, पण यादीची सक्ती तीतही आहे. वर्गणीची पावती फाडताना आम्ही नेहमी म्हणतो की, हा कागद पैशाचा नाही, हा अधिकाराचा आहे.

या वहीचा उपयोग कसा होतो, याची एक हकीकत सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या विभागातल्या एका सूतगिरणीत संप झाला आणि फसला. सदतीस दिवसांनी लोक रिकाम्या हाताने कामावर गेले. आम्ही तेव्हा दुसऱ्या कारखान्यातले काम पाहत होतो. मोजणीला त्रयस्थ म्हणून आम्हांला बोलाविले होते. सभेत एकच ओरड, सरचिटणीस बदला! कोणी म्हणाले मुंबईहून मोठा पुढारी आणा. कोणी दोन नावे फळ्यावर लिहूनही टाकली. तेव्हा रिळे भरण्याच्या खात्यातल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, नावं मागून लिहा. संप कोणत्या दिवशी अन्‌ कोणत्या खात्यात मोडला, ते आधी वाचा."

वही आणली. दिवसवार हजेरी वाचली. तेव्हा दिसले की कायम कामगार शेवटपर्यंत टिकले होते. एकविसाव्या दिवसापासून बदली कामगार कामावर जाऊ लागले होते. का? तर संपाच्या निधीतून धान्य मिळत होते ते सभासदांना, आणि बदली कामगारांची नावे सभासदांच्या वहीत घेतलेलीच नव्हती. ज्यांना आम्ही फितूर म्हणत होतो, ते उपाशी होते. सभा शांत झाली. त्या रात्री कोणालाच निवडले नाही. आधी बदली कामगारांची नावे वहीत चढविली, मग महिन्याने पत्र्याच्या डब्यांत गुप्त मतदान घेतले. निवडून आला तो मोठा वक्ता नव्हता. बदली कामगारांच्या वस्तीत राहणारा, त्यांची घरे ओळखणारा माणूस होता. जुने सरचिटणीस सतरंजीवर बसून पहिल्या सभेला हजर राहिले. मुंबईचा पुढारी आणला असता तर भाषणे चांगली झाली असती, पण पुढचा संप त्याच एकविसाव्या दिवशी मोडला असता.

परदेशात तरी सर्व आलबेल आहे काय? तेथेही रीत हळूहळूच घडली. इंग्लंडच्या हुजूर पक्षात १९६५ पर्यंत पुढारी निवडला जात नसे, बड्या मंडळींच्या खलबतांतून तो वर येत असे. १९६४ च्या पराभवानंतर नियम बदलला आणि १९६५ मध्ये पहिल्यांदा मते मोजली. एडवर्ड हीथ यांना १५०, मॉडलिंग यांना १३३, पॉवेल यांना १५. मजूर पक्षाने १९८१ पासून कामगार संघटनांना पुढारी निवडण्यात ४० टक्के वाटा दिला. हे ऐकून आम्हांला आनंद व्हावा. पण लाखो सभासदांची मते युनियनचा एक पुढारी एका हाताने टाकू शके. ते आमचेच भाऊबंद. तरीही ती रीत चुकीची होती, आणि १९९३ मध्ये ती मोडून प्रत्येक सभासदाने स्वतः मत द्यावे असे ठरले. सभासदाच्या नावाने दुसऱ्याने मत देणे वाईटच, मग तो दुसरा भांडवलदार असो की कॉम्रेड.

यावर नेहमीचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, हरलेल्या पक्षात निवडणूक घेतली तर गटबाजी माजेल. आम्ही विचारतो, न घेतल्याने गटबाजी थांबली काय? मोजलेला गट मतपेटीत हरतो आणि घरी जातो. न मोजलेला गट रात्री दुसऱ्या पक्षाच्या दारात जातो. दुसरा आक्षेप असा की, सभासदच बोगस असतात, पैसे भरून हजार नावे कोणीही चढवितो. हे खरे आहे. पण खोटी हजेरी लागते म्हणून कारखान्यात कोणी हजेरीपट बंद करीत नाही. गावात वही वाचून दाखवा. खोटे नाव कोणते ते चावडीवरची पोरेसुद्धा सांगतील.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या जिल्ह्याचा आहे. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान होते २० नोव्हेंबरला. उचल घेतलेला माणूस मुकादमाचे ऐकेल की मतदानाला थांबेल? कित्येक कोयते मतदानाआधीच गेले. काही जण गाड्या करून परत आणले गेले. त्या गाड्या कोणी केल्या हे आपण जाणता. ते असो. निकाल लागला २३ नोव्हेंबरला आणि काँग्रेसचा नवा अध्यक्ष ठरला १३ फेब्रुवारीला. मध्ये गेले ८२ दिवस. या ८२ दिवसांत आपला ऊसतोड मजूर कोठे होता? कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक. उसाच्या फडात, पालात, बायकोपोरांसह. समजा एखादा निरीक्षक पराभवाचे कारण विचारावयास या ८२ दिवसांत आपल्या तालुक्यात आला असता, तर त्याला भेटले कोण असते? दुकानदार, ठेकेदार, संस्थाचालक आणि म्हातारेकोतारे. ज्याचे मत फिरले तो माणूस घराला कुलूप लावून गेलेला. आमच्या सूतगिरणीतले बदली कामगार ते हेच. कोणत्याही पक्षाच्या वहीत त्यांचे नाव नाही, म्हणून कोणत्याही पक्षाच्या हिशेबात त्यांचे कारण नाही. आणि जो पुढारी त्यांच्या पाठीमागे निवडला गेला, त्याला त्यांच्या मजुरीचा, त्यांच्या पोरांच्या शाळेचा, त्यांच्या बायकांच्या दवाखान्याचा प्रश्न पहिला वाटावा, अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करावयाची?

बंधुभगिनींनो, व्याख्यान ऐकून घरी जाताना आपणांवर एक काम सोपवितो. फाल्गुन-चैत्रात मजूर गावी परततात. सध्या गल्ल्या भरलेल्या आहेत. आपण ज्या कोणत्या पक्षाचे असाल, त्या पक्षाच्या तालुक्याच्या माणसाला तीन गोष्टी विचारा. सभासदांची वही कोठे आहे आणि ती कधी वाचून दाखविणार? गेल्या निवडणुकीचा हिशेब गावागणिक कधी मांडणार? आणि तालुक्याचा अध्यक्ष तरी मतपेटीने कधी निवडणार? दिल्लीची आणि मुंबईची गोष्ट तूर्त राहू द्या. ज्या पक्षाला तालुक्याचा अध्यक्ष मतांनी निवडता येत नाही, तो राज्याचा पुढारी मतांनी निवडील ही आशा फोल आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

हे प्रश्न विचारावयाचे दिवस हे आहेत. दिवाळीनंतर विचारू म्हणाल, तर ज्यांनी उत्तर ऐकावयाचे ती माणसे पुन्हा गाडीत बसलेली असतील.